अर्जात दोनच झाडं

नव्या घरात पहिल्यांदा येणारं माणूस आधी ओटा बघतं, नळ सोडून पाण्याची धार बघतं, पाळण्यातल्या बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतं. जिजीने यांतलं काहीच बघितलं नाही. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या उंबऱ्यात ती उभी राहिली, पदर खांद्यावर घट्ट ओढला, मान मागे टाकली आणि छताकडे बघत राहिली. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी. मला वाटलं, कोळिष्टकं राहिली असतील.

"पंखा कुनी लावला?" तिने विचारलं.

"इलेक्ट्रिशियन आला होता."

"हुक हालतो. त्याच्याखाली पोरीचा पाळना नको."

एवढं बोलून मग ती आत आली, पाणी प्यायली, आणि पाळण्यातल्या मुक्ताच्या गालाला बोट लावून म्हणाली, "माय वं, कशी गोड शे." त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने स्टुलावर चढून हुक आवळला. हुक खरंच हलत होता, की जिजीने म्हटल्यामुळे त्याला तसा वाटला, हे आजवर आमच्यात ठरलेलं नाही. पाळणा मात्र आम्ही भिंतीकडे सरकवला.

तिचं नाव कौतिकबाई. पारोळ्याकडचं गाव, लग्नानंतर नवऱ्यामागे सुरतेला आली. नवरा लिंबायतला लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कामाला होता. मी या सोसायटीत तिच्या शेजारात राहायला आले तेव्हा तो वारून बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा वापीला नोकरीला लागला होता. आईने आपल्याकडे यावं म्हणून तो दर सणाला आग्रह करी, आणि जिजी दर सणाला "येस, येस", येते येते, म्हणून त्याला लाडू देऊन परत पाठवी. बाजारातून टेम्पोने साड्यांचे गठ्ठे येत, त्यांना लेस लावून देण्याचं काम ती करायची. उंच, सावळी, हाडापेराने मोठी बाई. पायात पुरुषांच्या चपला, कारण बायकांच्या मापात तिचा पाय बसत नसे. आवाज असा, की ती गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा भाजीवाला वळून बघे.

बोलायची ती तीन भाषांत. माझ्याशी मराठी, बाजारातल्या शेटशी गुजराती, परप्रांतीय शेजारणींशी हिंदी. मात्र तिन्हींच्या पोटात अहिराणी असायची आणि राग आला की ती वर यायची. मी लिंबायतला गुजराती शाळेत शिकलेली, माझी मराठीही घरापुरतीच. तरी आम्हा दोघींचं छान जमलं. ती मला "पोरी" म्हणे आणि मी तिला, सगळ्या सोसायटीसारखीच, जिजी.

वर बघायची तिची सवय मग मला जागोजागी दिसायला लागली. बँकेत गेली, वर बघितलं. दवाखान्यात गेली, वर बघितलं, मगच बाकावर बसली. एकदा आम्ही सगळ्या बायका एका लग्नाला गेलो होतो. हॉलमध्ये मधोमध काचेचं मोठं झुंबर होतं. जिजीने ते एकदा बघितलं आणि आमची अख्खी रांग उठवून भिंतीकडे नेली. नवरीकडच्यांना वाटलं, मानपानात काहीतरी चुकलं. बिचारे हात जोडून विचारायला आले. "काई नई, काई नई," जिजी म्हणाली, "आठे वारा चांगला येस." तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता. आम्ही घामाने भिजून जेवलो.

कुणाच्या घरी गेली तर गॅसची नळी चाचपून बघायची. गच्चीच्या कठड्याला चीर दिसली तर घरमालकाला रस्त्यात गाठून सांगायची. लोक वैतागत. काही सुना तर ती येताना दिसली की दार लोटून घेत. एकदा मीच तिला म्हटलं, "जिजी, सगळ्या गावाची काळजी तू कशाला करतेस?" तेव्हा ती साडीवरून मान न उचलता म्हणाली, "दिसनं ना तुले? मंग ते तुनंच काम शे." तुला दिसलं ना, मग ते तुझंच काम. हे वाक्य मी तिच्या तोंडून पुढे इतक्या वेळा ऐकलं, की मुक्तासुद्धा ते बोबड्या बोलीत म्हणायची.

आमच्या सोसायटीच्या मध्ये कॉमन प्लॉट आहे. तेव्हा तिथे तीन मोठी झाडं होती. एका कोपऱ्यात निंब. त्याच्याखाली जिजी आणि आणखी चार-पाच जणी साड्या घेऊन बसायच्या. दुसऱ्या बाजूला अंगणवाडीची पत्र्याची खोली आणि तिच्या अंगाला लागून दोन गुलमोहर. उन्हाळ्यात ते असे लाल व्हायचे, की लोक लग्नाचे फोटो काढायला यायचे. सोसायटीने ड्रेनेजची नवी लाइन टाकली तेव्हा त्या गुलमोहरांच्या अगदी बुंध्याजवळून चर खणला गेला. मुळं आडवी आली, ती कुऱ्हाडीने तोडली. लाइन झाली, चर बुजला आणि विषय संपला.

मुक्ता चार वर्षांची झाली, अंगणवाडीत जायला लागली. एका दुपारी वारा नाही, वादळ नाही, आणि थोरल्या गुलमोहराची मांडीएवढी फांदी आपोआप तुटून अंगणवाडीच्या दारात पडली. मुलं आत सुखडी खात बसली होती. त्यांच्या चपला बाहेर होत्या, त्या सगळ्या फांदीखाली गेल्या. मी धावत गेले. मुक्ता आतून खिडकीच्या गजांना धरून बघत होती आणि मला बघून हसत म्हणाली, "मम्मी, झाड पडलं!" मी तिला उचलून घेतलं ते घरी पोचेपर्यंत खाली ठेवलं नाही.

अर्धी सोसायटी जमली. "बचावलो," "देवाची कृपा," असं सगळे म्हणाले. कुणीतरी फांदी तोडून सरपणाला नेली. अंगणवाडीच्या बाईंनी चपला धुऊन वाळत घातल्या. संध्याकाळपर्यंत बोलणं क्रिकेटवर गेलं होतं. जिजी तेवढी अजून त्या झाडापाशी उकिडवी बसली होती. चराच्या बाजूला जमीन फाटून लांब भेग पडली होती आणि बुंध्याला तळाशी बशीसारखी टणक अळंबी फुटली होती. तिने मला हाक मारली.

"पोरी, तुले गुजराती लिहिता येतं ना? अर्ज लिही. हे दोन्ही काढायला पाहिजे."

मला आश्चर्य वाटलं. या झाडांवर तिचा जीव होता. कडक उन्हाळ्यात घरचं पिण्याचं पाणी वाचवून तिने त्यांना घातलेलं मी बघितलं होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "मी काय झाडनी वैरीन शे का? पण ते आता उभं नाही, टेकलेलं आहे. कशाला टेकलंय ते मला दिसत नाही, म्हनून भ्या वाटतं."

आपल्याच कॉमन प्लॉटमधलं झाड असलं तरी ते काढायला पालिकेची मंजुरी लागते आणि त्यासाठी सोसायटीचं पत्र लागतं. म्हणून जिजी प्रमुखांकडे गेली. सोसायटीच्या अध्यक्षाला आमच्याकडे प्रमुखच म्हणतात. आमचे प्रमुख हसमुखभाई, गोड बोलणारे, यार्नचा धंदा करणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जिजी, सरस विचार. मग अर्जात तिन्ही झाडं लिहून टाका ना. निंब पण. प्लॉट मोकळा होईल, गाड्या लागतील. पुन्हापुन्हा कोण पालिकेत जाणार?"

"निंब चांगला शे," जिजी म्हणाली.

"चांगलाच आहे. पण आज ना उद्या तो पण म्हातारा होणार."

"मी बी म्हातारी झाली. मले बी लिही टाका मंग अर्जमा."

हसमुखभाई मोठ्याने हसले. मात्र पत्र द्यायचं तर तिन्ही झाडांचं, हा हेका त्यांनी सोडला नाही. गाडीवाल्या लोकांनी त्यांच्याकडे लकडा लावला होता, हे आम्हाला नंतर कळलं. जिजी उठली, चहाचा कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "निंबचं नाव अर्जात नको. खोट्याच्या बाजूला खरं बसवलं की लोक दोन्हीला खोटं म्हनतात."

मग पत्राऐवजी अर्जाला रहिवाशांच्याच सह्या जोडू म्हणून ती घरोघर निघाली. मी बरोबर असायची. निम्मे लोक, निंब जाणार नाही म्हणून सही देईनात. उरलेल्यांतले काही, गुलमोहर जाणार म्हणून देईनात. त्यांत सगळ्यांत पुढे मोहनकाका. हे वरच्या मजल्यावर एकटे राहणारे, निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ. रोज सकाळी गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकायचे, उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला पाण्याचं भांडं टांगायचे. त्यांनी दार उघडलं, जिजीचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "बेन, तमने पाप लागशे."

जिजी आयुष्यात कुणापुढे गप्प बसलेली मी बघितली नव्हती. तिथे मात्र तिने सह्यांच्या कागदाची घडी केली आणि वळली. जिना उतरल्यावर म्हणाली, "तो मानूस बरोबर बोलतो. पाप तर लागंलच. आपन घेऊ."

कशाबशा पंचवीस-तीस घरांच्या सह्या जमल्या आणि आम्ही झोन ऑफिसात गेलो. बागखात्याच्या ज्या अधिकारी बाई होत्या त्यांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. त्यांची चूक नव्हती. धोक्याचं झाड म्हणून येणाऱ्या अर्जांमागे कधी दुकानाची पाटी झाकलेली असते, कधी गाडी लावायची असते, हे त्यांना रोजचं होतं.

"झाड कापवानी मंजूरी एम ने एम नथी मळती, बेन," त्या म्हणाल्या. अशीतशी मिळत नाही. "खरं सांगा. तिथे पार्किंग कुणाला करायचंय?"

"मेरे पास तो सायकल बी नथी," जिजी म्हणाली. आजूबाजूचे कारकून हसले. जिजी हसली नाही. ती टेबलाशी वाकून आपल्या खिचडी भाषेत सांगू लागली. बाई, आमच्याकडे तीन झाडं आहेत. दोन धोक्याची आहेत असं मला वाटतं, तुम्ही येऊन बघा. मी चुकत असेन तर मला तसं तोंडावर सांगा, मी गावभर सांगेन की मी चुकले. पण तिसरा निंब आहे, तो ठणठणीत आहे. उद्या कुणी त्याच्यासाठी अर्ज घेऊन येईल. त्याला मंजुरी देऊ नका.

बाईंनी अर्ज पुन्हा उचलला. झाड तोडायची परवानगी मागायला आलेलं माणूस दुसरं झाड तोडू देऊ नका म्हणून सांगतंय, हे बहुधा त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. जिजीने वर बघितलं, आणि ती बसली.

परत येताना शेअर रिक्षात तिने मला तिच्या बहिणीची गोष्ट सांगितली. पारोळ्याकडे तिच्या माहेरचं घर धाब्याचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. तिची धाकटी बहीण जनी तेव्हा मुक्तापेक्षा थोडी मोठी. दोन-तीन दिवस वरून माती झरत होती. "आईने पाहिलं, बापाने पाहिलं, मी बी पाहिलं," जिजी म्हणाली. "जेवनाच्या ताटात माती पडली तर आम्ही ताट सरकवलं. जनीचं अंथरून कोनी सरकवलं नाही." रिक्षात आणखी तीन माणसं होती, त्यांतला एक फोनवर मोठ्याने कापडाचा भाव बोलत होता. जिजी रस्त्याकडे बघत राहिली. मी तिचा हात हातात घेतला. सुईने टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती.

बाई पाहणीला आल्या. बरोबर एक माणूस लोखंडी सळई घेऊन. चराच्या बाजूला थोरल्या गुलमोहराच्या मुळाशी त्याने सळई टेकवून दाबली, तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. धाकट्याच्या मुळाशी मात्र ती वरच अडली. बाईंनी निकाल दिला: थोरलं काढायचं. धाकट्याच्या वरच्या फांद्या छाटून भार कमी करायचा आणि दर वर्षी बघत राहायचं.

"दोन्ही काढा ना," जिजी म्हणाली. "मुलं आहेत."

"ज्याला वाचवता येतं त्याला वाचवू द्या, बेन," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता जिजीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाणार. तिने धाकट्या झाडाकडे वरपर्यंत बघितलं. मग चक्क बाईंपुढे हात जोडले. "बरं झालं तुमी आल्या. मी एकटीच ठरवती तर हे बी मेलं असतं." आणि तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत मला म्हणाली, "पोरी, सगळ्यांना सांग, एका झाडाचं माझं चुकलं." गावभर सांगेन म्हणाली होती, ते तिने खरोखर सांगितलं. हसमुखभाईंना सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. मोहनकाकांच्या बंद दाराबाहेर उभी राहूनही सांगितलं.

मंजुरी हातात आली, तरी पालिकेच्या तोडणाऱ्या माणसांचा आमच्यापर्यंत नंबर यायला वेळ होता. त्या दिवसांतली जिजी मला सगळ्यांत जास्त आठवते. अंगणवाडीच्या बाईंना गळ घालून तिने मुलांना तोवर समाजाच्या हॉलमध्ये बसवायला लावलं. साड्यांच्या कापून टाकलेल्या झगझगीत किनारींना गाठी मारून एक लांबलचक दोर केला आणि थोरल्या गुलमोहराभोवती मोठं रिंगण बांधलं. मुलांना तो दोर म्हणजे नवा खेळ वाटला. खालून जा, वरून उडी मार. मग जिजीने निंबाखालची आपली बैठक मोडली आणि रिंगणाच्या बाहेर, उन्हात, पोतं अंथरून बसायला लागली. डोक्यावर पदर, मांडीवर साडी आणि शेजारी काठी. एखादं पोर दोराकडे सरकलं की नुसती काठी जमिनीवर आपटायची. बायका निंबाखालून हाका मारत, "जिजी, सावलीत ये." ती म्हणे, "येस, येस," आणि बसून राही. चेहरा रापून काळा पडला. लेस वाकडी लागली म्हणून शेटने साड्या परत पाठवल्या, त्या तिने उसवून पुन्हा केल्या. मी तिला ताक नेऊन द्यायची. एकदा मुक्तानेच आपली छोटी छत्री नेऊन तिच्या डोक्यावर धरली. जिजीने ती बंद करून मुक्ताच्या हातात दिली आणि तिला माझ्याकडे पाठवलं. "आठे उभं ऱ्हावानं नई, माय."

तोडणी झाली त्या सकाळी जिजी न्हाऊन, घडीची साडी नेसून आली. बुंध्याला हळदकुंकू लावलं, पाणी घातलं. मग मोहनकाकांच्या घराखाली जाऊन हाक दिली, "काका, मला पाखरांचं कळत नाही. तुमीच येऊन बघा, वर घरटं आहे का. असलं तर आज थांबवू."

बराच वेळ काही झालं नाही. मग दार उघडलं. मोहनकाका खाली आले, कुणाकडे न बघता झाडाभोवती फिरले, डोळ्यांवर हात धरून फांदीन् फांदी बघितली. "कावळ्याचं जुनं आहे. रिकामं आहे," ते म्हणाले, आणि वर जाऊन त्यांनी खिडकी लावून घेतली.

दुपारपर्यंत झाड उतरलं. आणि मग सगळ्यांनी बघितलं, की कापलेल्या बुंध्याचं लाकूड आतून निरोगी होतं. पोकळ नाही, किडलेलं नाही. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, चांगलं झाड गेलं. हसमुखभाई लाकडावरून हात फिरवत म्हणाले, "जिजी, हे तर अजून पन्नास वर्षं राहिलं असतं." तोडणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, खोडावरून काही कळत नाही, मुळं बघायला हवीत. पण मुळं जमिनीत होती आणि ती खणून बघायला कुणाला सवड होती?

जिजीने रिंगणाचा दोर सोडून गुंडाळला. त्या दिवशी ती जेवली नाही. दिवेलागणीला मी भाकरी आणि शेवेची भाजी घेऊन तिच्याकडे गेले, तर ती दारात बसून प्लॉटकडे बघत होती. तिथे आभाळाचा एक मोठा तुकडा उघडा पडला होता.

"वाईट वाटतंय का, जिजी?"

"वाटतं ना. पडलं असतं का नसतं पडलं, हे आता देवालाच माहीत." तिने माझ्या हातातलं ताट घेतलं. "मला कोनी म्हनतं, तू खरी ठरली पाहिजे होती. अरे, मी खरी ठरायचं म्हनजे काय व्हायला पाहिजे होतं, ते कोनी बोलत नाही."

तेव्हा मला ते पुरतं उमगलं नाही. मुक्ता माझ्या पदराला धरून उभी होती. जिजीने भाकरीचा तुकडा मोडून आधी तिला दिला, मग स्वतः खाल्ला.

काढलेल्या झाडाच्या बदल्यात नवी रोपं लावायची, अशी मंजुरीत अट होती. कोणती लावायची हे ठरवायला जिजी पुन्हा मोहनकाकांचं दार वाजवत गेली. "पाखरांना काय आवडतं ते तुमी सांगा. पोरांच्या डोक्यात पडनार नाही एवढंच बघा." पहिल्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच खाली आले आणि म्हणाले, "शेतूर." म्हणजे तुती. तुतीची रोपं अंगणवाडीपासून लांब, कडेला लागली. सकाळी काका पाणी घालत, संध्याकाळी जिजी. दोघांची वेळ हळूहळू एकच झाली. जिजी अहिराणीत बोले, काका गुजरातीत, आणि एकमेकांचं किती कळत होतं कोण जाणे, पण गप्पा लांबत. निंबासाठी पुढे खरंच एक अर्ज गेला, असं ऐकलं. त्याचं काही झालं नाही.

मुक्ता आता आठवीत आहे. सकाळी सायकल घेऊन तुतीखालून जाते, येताना जांभळी बोटं घेऊन येते. धाकटा गुलमोहर अजून उभा आहे. जिजीमुळे माझ्या मुलीचा जीव वाचला असं मला म्हणायचं असतं, पण ते म्हणायला हातात पुरावा काही नाही. कुणी बुडत्याला वर काढतं, कुणी आगीतून बाहेर आणतं, त्यांचे आभार मानता येतात. जे झालंच नाही त्याचे आभार कसे मानायचे? एका दिवाळीला मी तिला साडी दिली आणि म्हटलं, "मुक्ताकडून." तिने ती उलटसुलट करून बघितली, "लेस चांगली लावली शे," म्हणाली आणि पेटीत ठेवून दिली. त्याहून जास्त मला कधी बोलता आलं नाही.

गेल्या वर्षी ती भावाच्या नातीच्या लग्नाला गावी गेली आणि तिथेच, जेवणं झाल्यावर, ओसरीवर बसल्या बसल्या गेली. मुलाचा फोन आला. सगळे विधी गावीच झाले. तरी आमच्या सोसायटीने सुरतेच्या रिवाजाप्रमाणे बेसणं ठेवलं. बेसणं म्हणजे शोकसभाच म्हणा, पण बोलणं कमी आणि नुसतं बसणं जास्त. कॉमन प्लॉटमध्ये निंबाच्या सावलीत सतरंज्या घातल्या. तिचा फोटो खुर्चीवर ठेवला, त्याला हार घातला. लिंबायतहून, पांडेसऱ्याहून तिच्या गावची माणसं आली.

हसमुखभाई प्रमुख म्हणून दोन शब्द बोलायला उभे राहिले. फार मोठं काम केलं, असं म्हणाले आणि अडले. कोणतं काम, ते त्यांना सांगता येईना. मंदिर बांधलं नव्हतं, देणगी दिली नव्हती. "सगळ्यांची काळजी घ्यायच्या," असं म्हणून ते खाली बसले. माझ्या मनात एवढं होतं, पण मी उठले असते तरी मलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा मोहनकाका उठले. आता त्यांना काठी लागते. मुक्ताने त्यांना हात दिला. ते फोटोजवळ गेले नाहीत. आहेत तिथूनच त्यांनी एकदा सगळा प्लॉट बघितला, अंगणवाडीची खोली, धाकटा गुलमोहर, तुतीची झाडं, आणि गुजरातीत बोलले. मी ते मराठीत सांगते.

"या बेनमुळे," ते म्हणाले, "या जागेवर आपल्याला कधी रडायला जमावं लागलं नाही. आज पहिल्यांदा जमलोय."